भिंतीवरचे चित्र जुळविताना

दिवाणखान्यातील भिंतीसमोर घरची मंडळी बसलेली आहेत. आजीच्या लग्नाची आठ मिलिमीटरची कृष्णधवल फीत डिजिटल स्वरूपात उतरवून आणलेली आहे, आणि ती प्रथमच मोठ्या आकारात पाहावयाची आहे. चित्र उमटते, पण मांडवातील माणसे ठेंगणी व रुंद दिसतात, पांढरी धोतरे निळसर भासतात, आणि ओटीवरच्या सावलीत उभी असलेली आजीची आई तर दिसतच नाही. फीत खराब झाली म्हणून मंडळी हळहळतात. परंतु अशा वेळी दोष पुष्कळदा फितीचा नसून प्रोजेक्टरच्या जुळणीचा असतो.

ही जुळणी समजण्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. प्रोजेक्टर केवळ प्रकाश टाकू शकतो. काळोख टाकू शकत नाही. चित्रात जेथे काळा रंग असेल तेथे तो शक्य तितका प्रकाश अडवून धरतो, इतकेच. म्हणजे खोलीतील उजेडाने भिंत जेवढी उजळलेली असेल, त्याहून अधिक काळा रंग चित्रात येणे शक्य नाही. म्हणून पहिली जुळणी यंत्राची नव्हे, तर खोलीची करावयाची असते. दिवे मालवावेत, खिडक्यांचे पडदे ओढावेत. भिंतीचा रंगही चित्रात मिसळतो. चुन्यात नीळ घालून रंगविलेली भिंत सर्वच चित्राला निळसर छटा देते. तेथे चकाकी नसलेला पांढरा पडदा लावणे उत्तम.

त्यानंतर आकार. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, आणि तोच प्रकाश चौपट जागेवर पसरल्याने उजळपणा चतुर्थांशावर येतो. चित्र फिके वाटल्यास ते थोडे लहान करणे हा साधा उपाय होय. यंत्र तिरपे ठेवल्यास चित्राचा चौकोन एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद होतो. ‘कीस्टोन’ नावाच्या सोयीने तो सरळ करता येतो खरा. पण त्यासाठी यंत्र चित्राचे काही बिंदू वापराबाहेर ठेवते आणि रेखीवपणा थोडा उणावतो. शक्य असेल तर यंत्रच पडद्यासमोर सरळ व समपातळीत मांडावे.

माणसे रुंद दिसण्याचे कारण निराळे आहे. आठ मिलिमीटरच्या फितीची चौकट रुंदीला चार तर उंचीला तीन अशा प्रमाणाची असते; ‘संत तुकाराम’ (१९३६) सारख्या जुन्या बोलपटांची चौकटही तिच्याच जवळपासची. आजच्या प्रोजेक्टरची चौकट मात्र सोळास नऊ अशी असते. जुने चित्र ताणून ती भरली की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. तेव्हा मेनूतील चौकटीचे प्रमाण मूळचे ठेवावे; दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

आता रंग. दुकानात नजरेत भरावे म्हणून ‘व्हिविड’, ‘डायनॅमिक’ असे भडक प्रकार यंत्रात दिलेले असतात. दिव्यावर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांत त्यामुळे चित्रावर हिरवट झाक येते. ‘सिनेमा’ हा प्रकार काहीसा मंद, पण मूळ चित्राशी अधिक प्रामाणिक असतो. व्हिडिओ चित्रातील पांढऱ्या रंगाचे प्रमाण सुमारे ६५०० केल्विन मानलेले आहे; त्याहून थंड छटा निवडली की कृष्णधवल चित्र निळे पडते. दिवा तापून स्थिर होण्यास अर्धा तास द्यावा व मगच रंगाचा निर्णय करावा.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ‘ब्राइटनेस’ या नावामुळे. हे बटण वाढविले म्हणजे दिव्याचा प्रकाश वाढतो, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक त्याने काळ्या रंगाची पातळी ठरते. ते फार वाढविले तर काळे केस राखाडी होतात. फार उतरविले तर सावलीतील सारे काही एकाच काळोखात बुडते. फितीतील सावलीचे दृश्य थांबवावे, काळ्या कोटाच्या चुण्या दिसेपर्यंत ब्राइटनेस वाढवावा, मग हळूहळू उतरवीत त्या नाहीशा होण्याच्या किंचित आधी थांबावे. ‘काँट्रास्ट’ पांढऱ्या रंगासाठी असतो. धोतराच्या चुण्या प्रकाशात विरघळू लागल्या की तो थोडा मागे घ्यावा. एकाचा परिणाम दुसऱ्यावर होत असल्यामुळे पुन्हा एकवार ब्राइटनेस तपासावा.

एवढे करूनही सावली उलगडत नसेल, तर संगणक व प्रोजेक्टर यांची मापने जुळतात की नाही ते पाहावे. चित्रफितींच्या रूढ मापनात काळा रंग १६ व पांढरा २३५ या अंकावर धरतात; संगणकाच्या मापनात तेच अंक ० व २५५ असतात. संगणकाने दुसऱ्या मापनाने पाठविलेले चित्र यंत्राने पहिल्या मापनाने वाचले, की १६ च्या खालचे सर्व तपशील गडप होतात. मेनूतील एका नोंदीने हा दोष दूर होतो.

‘शार्पनेस’ मात्र बेताचाच ठेवावा. तो नवा तपशील निर्माण करीत नाही. कडांभोवती केवळ पांढरी रेघ उठवितो. प्रोजेक्टरच्या जुळणीने चित्रात नसलेले काही आणता येत नाही. जे आहे ते दडू नये, एवढेच साधता येते. ओटीवरच्या सावलीतील तो चेहरा फितीवर उमटलेला असेल, आणि उतरवितानाही टिकला असेल, तर अंधाऱ्या खोलीत, मूळच्या चौकटीत, तो हळूच दिसू लागेल. आणि आजी त्याला ओळखील.