दिवा विझला, झडप मिटली का?

घरच्या मंडळींची समजूत अशी, की नियंत्रणकक्षातला माणूस म्हणजे बटणे दाबणारा माणूस. आमच्या कुटुंबाचे तर स्पष्ट मत आहे, की एवढ्याशा कामाला पगार जरा जास्तच मिळतो! वीज-उपकेंद्रांवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून सांगतो: बटण दाबायला क्षणही लागत नाही. दाबल्यावर पलीकडे खरोखर काय घडले, हे ओळखण्यातच सारी पाळी जाते.

स्वयंपाकघरातून हाक जाते, "बंड्या, नळ बंद कर रे!" बंड्या पुस्तकातून मान वर न करता "हो" म्हणतो. त्याची आई त्या 'हो'वर मुळीच विसंबत नाही. ती पाण्याचा आवाज ऐकते.

१९७९ साली अमेरिकेत या एका गोष्टीपायी अणुभट्टी गेली. पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहॅना नदीतल्या बेटावर थ्री माइल आयलंड हे केंद्र. २८ मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास तिथल्या दुसऱ्या संचात वाफ तयार करणाऱ्या भागाचे पाणी तुटले. आतला दाब चढला आणि कुकरच्या शिट्टीसारखी एक झडप आपोआप उघडली. भट्टीही लागलीच थांबली. पण विझलेल्या चुलीतल्या निखाऱ्यांसारखी तिची धग पुष्कळ वेळ राहते, तिला पाणी लागतेच. दाब उतरताच झडपेला मिटण्याचा हुकूम सुटला. फळीवरचा दिवा विझला. झडप मिटली, असे पाळीवरच्या मंडळींनी धरले.

दिवा खोटे बोलत नव्हता बरे! झडप चालवणाऱ्या विद्युतचुंबकाला वीज जाते की नाही, एवढेच तो सांगत होता. वीज तुटली, दिवा गेला. झडप मात्र अडकून उघडीच राहिली आणि भट्टीचे पाणी तिच्यातून वाहू लागले. दिवा हुकमाची खबर देत होता. माणसांनी ती कामाची खबर मानली.

खरी खबर देणारी साधने नव्हती असेही नाही. झडपेपुढच्या नळीचे तापमान चढलेले होते. पण झडप आधीपासूनच थोडी गळत असे, म्हणून त्याचे कोणाला नवल वाटले नाही. वाहून गेलेले पाणी जिथे साठते त्या टाकीचा मापक मुख्य फळीच्या मागच्या बाजूला! त्यात शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम चमकू लागलेल्या. एका मापकावर पाणी भरपूर दिसले, म्हणून उलट आणीबाणीच्या पंपांचे पाणी कमी करण्यात आले. अखेर सहा वाजून बावीस मिनिटांनी, ताज्या दमाने आलेल्या एकाने त्याच वाटेवरची दुसरी झडप बंद करवली. तोवर दोन तास वीस मिनिटे लोटली होती. भट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला. तो संच पुन्हा कधीच चालला नाही.

आता आमच्या पडद्यावर काय होते पाहा. मी ब्रेकर उघडण्याचा हुकूम देतो. चित्राचा रंग तेवढ्याने बदलत नाही. 'हुकूम गेला' एवढेच दिसते. ब्रेकरमध्ये दोन संपर्क असतात, एक 'उघडा' म्हणणारा, दुसरा 'बंद' म्हणणारा. दोघांची साक्ष जुळली तरच रंग बदलतो. ठरल्या सेकंदांत साक्ष आली नाही, किंवा दोघे एकच बोलू लागले, तर घंटा वाजते. कोणी, कितव्या सेकंदाला, काय हुकूम दिला आणि उत्तर केव्हा आले, हे सारे नोंदले जाते. जुन्या मुनिमाची वही इतकी चोख नसेल! शिवाय मी त्या वाहिनीचा प्रवाह पाहतो. तो शून्यावर आला का? संपर्काचा दांडा तुटलेला असू शकतो. प्रवाहाला मात्र सोंग आणता येत नाही.

आणि लाइनमन तारेवर चढणार असेल, तर पडद्यावर सारे हिरवे असूनही मी उपकेंद्रात फोन लावतो. "दादा, टॉर्च घ्या, यार्डात जा. आयसोलेटरची तिन्ही पाती उघडी दिसतात का, डोळ्यांनी बघून या." पावसात भिजत गेलेले दादा कधी कधी कुरकुरतात. "तिन्ही उघडी, साहेब," असे उत्तर आले, अर्थिंग झाले, की मगच मी परवाना लिहायला घेतो.