नावं ठेवलेली गाणी

यात्रेची पट्टी काढायला गावकरी देवळात बसले की एक वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, यंदा तमाशा नको, कीर्तन ठेवा, पोरं बिघडतात. दुसरा म्हणतो, कीर्तन सप्त्यात झालंच की. तिसरा ऑर्केस्ट्राचं नाव काढतो आणि त्याला सगळे मिळून गप्प करतात. रात्र चढते, चहा होतो आणि दोन दिवसांनी चार कारभारी जीप करून नारायणगावला निघतात. डिंगोऱ्यापासून मढपर्यंत आणि तिकडे ओतूर-आळेफाट्यापर्यंत कुठल्याही गावात विचारा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल. जिला सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात, त्याच कलेची सुपारी शेवटी फुटते.

हे काही आजचं नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावाच्या पट्ट्यात गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जे गाणं सर्वांत जास्त वाजलं, तेच सर्वांत जास्त शिव्या खात वाजलं. तमाशा, मग कॅसेटवरची कडक गाणी, मग मोबाइलवर फिरणारी, आता डीजेची. प्रत्येक वेळी आधीचं गाणं सोज्वळ ठरलं आणि नवं वाया गेलेलं. या शिव्या नेमक्या कुणाला पडत होत्या, हे मागे वळून नीट पाहायला हवं, असं मला बऱ्याच वर्षांपासून वाटत आलं आहे.

नारायणगावापासूनच सुरुवात करावी लागते. गुढीपाडव्याच्या आधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाचं नाव, आत गादी, वही, यात्रांच्या तारखा. गावोगावचे कारभारी एका राहुटीतून दुसरीत जातात, मागच्या साली वग कसा झाला याची उजळणी करतात, दर पाडून मागतात, तारीख जुळली की विडा-सुपारी होते. चैत्र-वैशाखातल्या तिथ्या मोजक्या आणि गावं शेकडो, त्यामुळे मालकही सहजासहजी नमत नाहीत. रात्री गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. हजेरीला फेटे बांधून पुढे बसणारे तेच, ज्यांनी आदल्या महिन्यात देवळात ‘पोरं बिघडतात’ म्हटलेलं असतं. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. त्यांना दोन्ही गोष्टी मनापासून वाटतात.

पठ्ठे बापूरावांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कुलकर्णीपण आणि घर सोडून तमाशात आले, पवळाबाईबरोबर फड गाजवला, जातीने वाळीत टाकलं आणि 1945 साली पुण्यात हलाखीत गेले. त्यांच्या लावण्या मात्र वाळीत पडल्या नाहीत, त्या घरोघर गेल्या. पुढे स्वातंत्र्य मिळताच बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावरच बंदी आणली. कलावंतांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि वगाची संहिता आधी तपासून घ्यायच्या अटीवर तमाशा परत उभा राहिला.

याच काळात आपल्या तालुक्याची विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर मोठी होत होती. 1935 चा जन्म, वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड घरचाच. गळा असा की ढोलकीच्या कडकडाटातही शब्द न् शब्द मागच्या रांगेत पोचायचा. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना ती बोर्डावर उभी राहिली, मध्येच आत जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बाहेर यायला निघाली, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. सांगणारे अभिमानाने सांगतात. मला ती ऐकताना दर वेळी पेंडालातले लोक आठवतात. त्यांनी तिकीट काढलं होतं, शिट्ट्या मारल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या कितीजणांनी दुसऱ्या दिवशी तिला आपल्या ओसरीवर बसवून पाणी दिलं असतं? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई जानेवारी 2002 मध्ये गेली, तेव्हा दवाखान्याच्या खर्चाचीही ओढाताण होती. चार वर्षांनी राज्य सरकारने तिच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

तिच्याच शेजारी सुलोचना चव्हाणांना ठेवून पाहा. त्यांच्या लावण्या रेडिओवरून थेट माजघरात शिरल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन त्या गायच्या, आणि त्याचं कौतुक आजही होतं. त्या थोर गायिका होत्या, 2022 साली मिळालेली पद्मश्री उशिराच मिळाली. पण शृंगार त्यांच्या गाण्यातही कमी नव्हता. फरक होता तो गाणारी कुठे उभी आहे यात. माइकसमोर उभी राहिली तर लावणी, बोर्डावर उभी राहिली तर चाळे. लोकांचा राग शब्दांवर होता असं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

दादा कोंडक्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. फक्त एक गोष्ट नोंदवतो. 1975 च्या ‘पांडू हवालदार’पासून त्यांच्या चित्रपटांना राम-लक्ष्मण या जोडीने संगीत दिलं. ती गाणी घरात लावायची सोय नव्हती, तंबूतल्या सिनेमात पाहून यायची आणि शेतात एकटं असताना म्हणायची. जोडीतले राम लवकर गेले. लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, यांनी जोडीचं नाव तसंच ठेवून पुढे ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ची गाणी केली. तीच लोकं ती गाणी मुलीच्या लग्नात लावू लागली. संगीतकार एकच, पण बघणाऱ्यांची नजर पार बदललेली.

आता येतो ज्यांच्यासाठी हा सगळा मागोवा घ्यायला बसलो त्या शिंद्यांकडे.

प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याकडचे. रस्त्यावर, ट्रेनमध्ये गात मोठे झाले, कव्वालीच्या सामन्यांत नाव काढलं आणि मग असा काही आवाज लावला की पंढरीची वारी, सत्यनारायणाची पूजा आणि गणपतीचा मांडव त्यांच्याशिवाय सुरूच होईना. पहाटे देवळाच्या कर्ण्यावरून त्यांचं गाणं आलं की गाव उठायचं. तोच आवाज 14 एप्रिलला निळ्या झेंड्याखाली बाबासाहेबांची गाणी गायचा. एकाच गावात, शे-दोनशे पावलांच्या अंतरावर. देवळात त्यांचं गाणं लावणाऱ्याने गाणारा कोण, कुठल्या समाजाचा, हे विचारलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा केला आहे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि सगळं उलटंपालटं झालं. तोवर गाणं रेडिओच्या मर्जीवर किंवा तबकडी परवडणाऱ्याच्या घरी. कॅसेट स्वस्त, कुठेही वाजणारी. मुंबईला भाजीच्या धंद्यात नाहीतर माथाडीत असलेली आपली माणसं सणाला कल्याणहून माळशेज चढून यायची, ती पिशवीतून नव्या कॅसेटी घेऊन. त्यांत प्रल्हाददादांच्या मुलांचा, आनंद आणि मिलिंद शिंद्यांचा आवाज होता, आणि त्यातलं नव्या पोपटाचं गाणं होतं. ओतूर-मढ रस्त्यावरच्या वडाप जीपमध्ये ते कसं वाजायचं, हे पाहिलेल्यांना सांगायला नको. मागे समोरासमोरच्या बाकांवर आठ-दहा माणसं, टपावर दोन-चार, मधे बाजाराच्या पिशव्या आणि कोंबडी. टेपात फीत अडकली की ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा, कॅसेट काढून पेन्सिलीने फीत गुंडाळायचा आणि तिथूनच पुढे गाणं सुरू. मास्तर बसलेले असले तर तोंड वाकडं करायचे, बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. ‘बंद कर रे ते’ असं कुणीतरी म्हणायचंच. बंद केल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

त्या गाण्याला जितक्या शिव्या पडल्या तितक्या कुठल्याच मराठी गाण्याला पडल्या नसतील. थिल्लर, चावट, संस्कृती बुडाली. गाणं दुहेरी अर्थाचं होतं हे खरं. त्या वेळच्या कडक गाण्यांत बाईला हसण्याचा विषय केला जायचा हेही खरं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. तमाशातल्या मुलींना दारू प्यालेल्या प्रेक्षकांनी जो त्रास दिला, त्याला अशा गाण्यांनी हातभार लावला असेल. पण हाच चावटपणा होळीच्या बोंबांत, हळदीच्या रात्री म्हणायच्या बायकांच्या गाण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. तिथे तो आपला होता. कॅसेटवर, शिंद्यांच्या तोंडून आला तेव्हा परका वाटला. शिवाय ही माणसं त्यावर पैसा आणि नाव मिळवत होती. माझ्या मते खरा काटा तिथे रुतला. देवाचं गाणं गा, आम्ही ऐकू, पण बाजारात आमच्या बरोबरीने उभे राहू नका, असा तो राग होता.

तमाशालाही या गाण्यांनी बदलून टाकलं. रंगबाजीत लावण्या कमी झाल्या, ढोलकी-तुणतुण्याच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, पोरं फर्माईश करू लागली ती कॅसेटमधल्या गाण्यांची. जुने रसिक हळहळले. त्यांची हळहळ मला पोकळ वाटत नाही. वग ऐकायला रात्रभर बसणारा माणूस तेव्हापासून कमी होत गेला, आणि वगाबरोबर संवाद, हजरजबाबीपणा, सोंगाड्याची चलाखी असं बरंच काही गेलं.

मग 2006 साल आलं. केदार शिंद्यांच्या ‘जत्रा’त अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’ केलं आणि त्यासाठी आवाज घेतले वैशाली सामंत आणि आनंद शिंदे यांचे. ठेका यात्रेतला, आवाज वडाप जीपमधला. फक्त या वेळी मागे तालेवार संगीतकार होते, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर होते. ज्या घरांत पोपटाचं गाणं लावायची बंदी होती, तिथल्या मुली गॅदरिंगमध्ये यावर नाचल्या आणि आईवडील टाळ्या वाजवायला बसले. पुढे ‘अग्निपथ’साठी याच चालीचं ‘चिकनी चमेली’ झालं, श्रेया घोषाल गायल्या, आणि सगळा देश नाचला. आनंद शिंद्यांचा गळा वीस वर्षांत बदलला नव्हता. अजय-अतुल यांनी त्या गळ्याला मान दिला याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तो मान तोवर दिला गेला नव्हता, हा दोष ऐकणाऱ्यांकडे जातो.

त्यानंतरचं सगळं झपाट्याने घडलं. 2015 मध्ये संजय लोंढे यांची ‘शांताबाई’ आली. कंपनी नाही, सिनेमा नाही, मोबाइलवरून मोबाइलवर गेली आणि गणपतीत तिच्याशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. तिलाही भरपूर नावं ठेवून झाली. दुसऱ्या साली ‘सैराट’ आला, त्याचं संगीत हॉलिवूडच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं, आणि ‘झिंगाट’ला कुणी फारसं वाईट म्हटलं नाही. नाचणारी पोरं दोन्हीकडे तीच. 2022-23 मध्ये गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांवरून वादळ उठलं. ज्येष्ठ लावणी कलावंतांनीच तिला सुनावलं, तिने जाहीर माफी मागितली, आणि गर्दी वाढतच गेली. या वादात लावणीवाल्या बायांची बाजू मला समजते. आयुष्यभर अश्लीलतेचा शिक्का पुसण्यात ज्यांची हाडं झिजली, त्यांना तो पुन्हा बसताना बघवत नसणार. पण कार्यक्रम ठेवणारे, पैसे मोजणारे, पुढे बसून मोबाइलवर चित्रण करणारे सगळे बाप्ये होते, आणि जाब विचारला गेला तो एकट्या मुलीला.

डीजेचं प्रकरण मात्र मी वेगळं धरतो. ट्रॉलीवर मजल्यासारखे रचलेले खोके, मागे धडधडणारा जनरेटर, आणि वरात गल्लीत शिरली की भांड्यांच्या फळीवरचे पेले थरथरतात, म्हातारी माणसं छातीला हात लावून आत जातात. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे, रात्री दहानंतर बंदी आहे, फार तर वर्षातले 15 दिवस बारापर्यंत सूट देता येते. ही तक्रार आवाजाची आहे, आणि ती रास्त आहे. ती गाण्यावर ढकलू नये. त्याच खोक्यांवर काकड आरती लावली तरी पेले तसेच थरथरतील.

आता आपल्याकडच्या एखाद्या लग्नात डीजेवाल्याच्या शेजारी उभं राहून गाणी मोजा. आरंभाला गणपतीचं, ते प्रल्हाद शिंद्यांचं. वरात रंगात आली की आनंद शिंद्यांचं. मंडळी दमली, नवरदेव भावुक झाला की ‘दुनियादारी’तलं देवाला साकडं घालणारं, त्यात आवाज आहे आनंद यांचा मुलगा आदर्श याचा. आजोबा, बाप, नातू. एकाच घराण्याच्या तीन पिढ्या एका वरातीत गातात. किराणा आणि ग्वाल्हेर या घराण्यांवर आपल्याकडे ग्रंथ आहेत, शिष्यपरंपरेचे तक्ते आहेत. शिंद्यांच्या कॅसेटी मात्र माळ्यावरच्या डब्यात बुरशी धरून पडल्या आहेत, आणि त्यांबरोबर कव्वालीचे सामने, यात्रांतल्या रंगबाज्या, सोंगाड्यांच्या बतावण्या यांची जी काही ध्वनिमुद्रणं लोकांनी आपापल्या टेपवर करून ठेवली, तीही. जुन्नर तालुक्यात अशी कॅसेट नसलेलं जुनं घर सापडणं कठीण. फीत अजून वाजते आहे तोवर ती उतरवून घ्यायला हवी, आणि ते काम नारायणगावातच सुरू व्हायला हवं.