सर्व्हिसिंगनंतर बेल्ट का किंचाळतो?

सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीच्या बॉनेटखालून चिरका आवाज येऊ लागला, तर आधी पाण्याने तपासा. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारा. ओढणी, बाही, बोटे पुलीपासून लांबच हवीत. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर बहुधा एखादी पुली सरळ रेषेत बसलेली नाही. आवाज वाढला, तर बेल्ट ढिला पडून घसरतो आहे. टेन्शनर तपासून घ्या. कामात सांडलेले कूलंट किंवा ऑइलही आवाज करवते, आणि ऑइल मुरलेला बेल्ट बदलावाच. आवाज दाबणारा स्प्रे मारू देऊ नका, त्याने फक्त दोष झाकला जातो. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर संशय बेअरिंगवर. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून मेकॅनिकला प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहायला सांगा.