तुझं आवडतं गाणं कोणतं? : पेट शॉप बॉइज आणि विसाव्या नंबरची गोष्ट

ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा आजच्या भागाचा लेखी मसुदा.

आज एकच प्रश्न आहे. मी अकरावीत असताना मामाने मला विचारलेला. त्याच्या ठाण्याच्या घरी बुटांच्या खोक्यात जुन्या कॅसेट भरून ठेवल्या होत्या. त्यात ‘पेट शॉप बॉइज’ या ब्रिटिश जोडीच्या तीन. मी त्यातलं एक गाणं इंटरनेटवर ऐकलं होतं, म्हणून ऐटीत म्हटलं, “मला ‘वेस्ट एंड गर्ल्स’ आवडतं!”

मामा हसला. “अगं, ते सगळ्यांचंच असतं. तुझं कोणतं?”

मला उत्तर देता येईना. मग मी त्याला विचारलं, तर म्हणाला, “बीइंग बोरिंग.” का, ते सांगितलं नाही. कॅसेट लावली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला तेव्हा ते गाणं नावासारखंच वाटलं, म्हणजे बोअर! आज त्याच गाण्याबद्दल बोलायचंय.

आधी, ही मंडळी कोण?

नील टेनंट आणि ख्रिस लो. १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात दोघांची ओळख झाली. ख्रिस तेव्हा आर्किटेक्चर शिकत होता. नील पुढे ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या मासिकात काम करत होता. म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांवर लिहिणारा माणूस स्वतः गायला लागला. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ १९८६ मध्ये आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर ‘इट्स अ सिन’, ‘ऑल्वेज ऑन माय माइंड’ आणि ‘हार्ट’ ही गाणीही ब्रिटनमध्ये एक नंबरला पोचली. जोडी फुटली नाही, कोणी बदललं नाही. २०२४ मध्ये ‘ननदलेस’ हा त्यांचा पंधरावा स्टुडिओ अल्बम आला.

एवढी गाणी असली की चाहते भेटल्यावर यादीचा विषय निघतोच. पण गंमत बघा. मुरलेला चाहता या चार एक-नंबरी गाण्यांपैकी एखादं सांगेलच असं नाही. असं का होतं?

हिट आणि आवडतं यांत फरक काय?

त्या काळी ब्रिटनमधला चार्ट म्हणजे त्या आठवड्यात दुकानांतून किती रेकॉर्ड विकल्या गेल्या त्याचा हिशोब. गाणं रेडिओवर वाजलं, कानाला लागलं, लोकांनी शनिवारी जाऊन रेकॉर्ड घेतली, झालं हिट. म्हणजे हिट ठरायला काही आठवडे पुरतात. आवडतं ठरायला मात्र वर्षं लागतात, कारण त्यात गाण्याबरोबर आपणही बदलत जातो.

आज तर आणखी एक भानगड आहे. ॲपमध्ये बँडचं नाव टाकलं की सगळ्यात वर काय दिसतं? सगळ्यात जास्त वाजलेली गाणी. आपण तीच लावतो, म्हणून ती आणखी वाजतात, म्हणून ती वरच राहतात. यादी खोटी नसते, पण ती गर्दीचं आवडतं सांगते, तुमचं नाही. मी मामाला जे उत्तर दिलं होतं, ते खरं तर माझ्या फोनचं उत्तर होतं.

यादीच्या खाली काय दडलंय?

पहिलं, बी-साइड. सिंगल रेकॉर्डला दोन बाजू असायच्या. एका बाजूला विकायचं गाणं, दुसऱ्या बाजूला काहीतरी भरावं लागायचं. बरेच बँड तिथे उरलंसुरलं टाकायचे. या दोघांनी तिथे मनासारखे प्रयोग केले. ‘सबर्बिया’ या १९८६ च्या सिंगलच्या मागे ‘पनिनारो’ होतं. इटलीतल्या फॅशनवेड्या पोरांच्या टोळक्यांवरचं हे गाणं, आणि त्यात नेहमी गप्प असणाऱ्या ख्रिसचा आवाज. हे मागच्या बाजूचं गाणं १९९५ मध्ये नव्याने रेकॉर्ड होऊन स्वतःच सिंगल म्हणून आलं! त्याच वर्षी ‘ऑल्टरनेटिव्ह’ नावाचा बी-साइडचा संग्रहही निघाला, त्यात ३० गाणी आहेत.

दुसरं, अल्बमच्या शेवटी बसलेली गाणी. १९८७ च्या ‘ॲक्चुअली’ अल्बममधलं शेवटचं गाणं ‘किंग्ज क्रॉस’. उत्तर इंग्लंडातून येणाऱ्या गाड्या लंडनच्या या स्टेशनात येऊन थांबतात. नीलही तिकडचाच, न्यूकॅसलजवळच्या नॉर्थ शील्ड्सचा, १९७२ मध्ये शिकायला लंडनला आलेला. काम शोधत आलेला माणूस गाडीतून उतरतो आणि पुढे काय, हे त्याला माहीत नसतं. गावाकडून येऊन दादरला उतरलेल्या कुणालाही हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही. अल्बम आल्यावर थोड्याच दिवसांत, १८ नोव्हेंबर १९८७ रोजी, त्याच स्टेशनाखालच्या भुयारी रेल्वेत आग लागून ३१ माणसं गेली. गाणं आगीच्या आधी लिहिलेलं, पण त्यानंतर ते पूर्वीसारखं ऐकणं अवघड झालं.

आणि आता ते विसाव्या नंबरचं गाणं

‘बीइंग बोरिंग’ १९९० च्या शेवटी सिंगल म्हणून आलं. ब्रिटनच्या चार्टवर विसाव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि उतरलं. या जोडीच्या हिशोबाने हा पडेल आकडा. आणि तरी आज चाहत्यांना विचारा, हे नाव पुन्हा पुन्हा कानावर येईल.

नाव आलं लेखिका झेल्डा फिट्झजेराल्ड यांच्या एका वाक्यावरून. आपण स्वतः कंटाळवाणे नव्हतो, म्हणून आपल्याला कधी कंटाळा आला नाही, असा त्याचा अर्थ. नीलच्या तरुणपणी न्यूकॅसलमधल्या एका पार्टीच्या आमंत्रणावर ते छापलं होतं. त्या काळातला त्याचा एक जवळचा मित्र १९८९ मध्ये एड्सने गेला. गाणं त्याच्यासाठी आहे.

गाण्याचे तीन टप्पे आहेत. आधी जुने फोटो आणि आमंत्रणं हाताला लागतात. मग घर सोडून निघालेला तरुण दिसतो. शेवटी माणूस मोठा झालाय, नाव झालंय, पण सोबतचे सगळे उरलेले नाहीत. एड्स हा शब्द कुठेच येत नाही. रडारडही नाही. म्युनिकमध्ये हॅरल्ड फाल्टरमायरसोबत जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरवर केलेलं मऊ संगीत आहे आणि बोलल्यासारखा आवाज.

काळ लक्षात घ्या. तेव्हा एड्सवर आजच्यासारखे उपचार नव्हते. औषधं एकत्र देऊन आजार रोखण्याची परिणामकारक पद्धत १९९६ च्या सुमारास आली. आपण गे आहोत हे नीलनेही जाहीरपणे १९९४ मध्ये सांगितलं. त्यामुळे १९९० मध्ये अनेकांना हे फक्त एक छानसं उदास गाणं वाटलं असणार. ज्यांच्या घरात, मित्रांत कुणी गेलं होतं, त्यांना मात्र पहिल्याच ऐकण्यात कळलं असेल. बाकीच्यांना कळायला आयुष्य थोडं पुढे सरकावं लागलं. आता मोठ्या कार्यक्रमांत ते अगदी शेवटी येतं, ‘वेस्ट एंड गर्ल्स’च्याही नंतर.

मामाचं उत्तर

या भागाची तयारी करताना मी मामाला फोन केला. म्हटलं, “मामा, तेव्हा सांगितलं नाहीस, आता सांग. हेच गाणं का?”

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “गिरगावात आम्ही चौघं होतो गं. कॅसेट एकाची, टेपरेकॉर्डर दुसऱ्याचा. चौघांत मिळून एक इंग्रजी डिक्शनरी. एक गेला. एक आखातात गेला, त्याचा पत्ताच नाही. आता आम्ही दोघं.” आणि लगेच, “जेवलीस का?”

मला वाटतं, आवडतं गाणं विचारणं म्हणजे हेच विचारणं. तू कुठून आलास आणि तुझ्यासोबत कोण होतं? कुणी चार्टवरचं नाव सांगून मोकळा झाला तर आणखी एकदा विचारा, पण दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात.

तर मंडळी, आजचा घरचा अभ्यास. तुमच्या लाडक्या बँडच्या पहिल्या दहा गाण्यांच्या खाली जा आणि तुमचं एक शोधा. मग घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला फोन करा आणि त्यांचं विचारा. मधेच बोलू नका, ऐका.

माझं? ‘किंग्ज क्रॉस’. निदान सध्या तरी. पुढच्या भागात भेटू!