दोन हापूस, एक रस्ता

मंडळी, गेल्या मे महिन्यात आपल्या मंडळानं एकत्र मागवलेले आंबे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आले होते. ते काम माझ्याकडं होतं. भाव ठरवणं, पैसे गोळा करणं, कुणाला किती डझन याचा तक्ता करणं, टेम्पो आल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून पेट्या वाटणं, सगळं मीच केलं. पेटीवर 'देवगड हापूस' असं ठळक छापलेलं होतं आणि भावही देवगडचाच लावलेला होता.

रात्री घरी माझी पेटी उघडली. आंब्यांखालचा वर्तमानपत्राचा कागद काढला आणि सवयीनं वाचायला लागलो. दोन ओळी झाल्यावर ध्यानात आलं, आपण कन्नड वाचतोय. निपाणीत शाळा झाल्यामुळं ती अक्षरं डोळ्यांना परकी वाटत नाहीत. पुण्यातल्या दुसऱ्या कुणी तो कागद चुरगाळून टाकून दिला असता. पान धारवाडकडच्या बातम्यांचं होतं.

कागद काय, कुठूनही येतो, असं म्हणून मी तो विषय सोडणार होतो. तरी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या तीन घरी विचारलं. तिन्हीकडं कन्नडच कागद. विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, माल गोड आहे ना? मग झालं तर." त्यानंतर त्यानं माझा फोन घेतला नाही.

गंमत अशी, की एकाही घरून तक्रार आली नाही. आंबा खरंच गोड होता. उलट "यंदाचा आंबा छान होता हं" असे निरोप आले आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेतले. तेव्हा बोलायला हवं होतं, ते आज बोलतोय.

निपाणीचा नाका

आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. देवगडहून निघालेला रस्ता फोंडाघाट चढून राधानगरीकडून निपाणीला येतो. त्याला लोक देवगड-निपाणी रस्ताच म्हणतात. दुसरीकडं धारवाडहून निघालेला पुणे-बेंगळुरू महामार्ग बेळगाव, संकेश्वर करत निपाणीला येतो आणि पुढं कोल्हापूर, पुण्याकडं जातो. म्हणजे कोकणचा हापूस आणि धारवाडचा हापूस या दोघांचे रस्ते आपल्या गावाच्या नाक्यावर मिळतात. बेळगावला तर कोकणचा माल आंबोली घाटातूनही चढतो.

दोन्ही आंब्यांची जात एकच. हापूस हे नाव पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून आलं असं मानतात. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात कलमं बांधण्याची कला रुजली, तिथून ही जात कोकणात पसरली आणि घाटावरही आली. फरक पडतो तो माती, हवा आणि हंगामाचा. कोकणातल्या जांभ्या कातळावरच्या फळाची साल पातळ असते आणि गर केशरी. धारवाडकडच्या फळाची साल बहुधा जाड, गर पिवळसर. वास दोघांनाही असतो, पण कोकणच्या पिकलेल्या पेटीचा वास दारातच समजतो.

माझे मामा बेळगावात शहापूरला राहतात. आंब्याच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. पेटीची हकिकत सांगितल्यावर ते हसले.

"अरे, धारवाडचा आंबा वाईट असतोय होय? मी रसाला दरवर्षी तोच आणतोय की. पण गणपत गल्लीतला माझा माणूस मला तोंडावर सांगतोय, मामा, हा कोकणचा आणि हा धारवाडचा. दोघांचा भाव वेगळा. तुला तसं कुणी सांगितलं नाही, एवढंच चुकलं."

मामांनी एका वाक्यात माझ्या महिनाभराच्या चडफडीचा निकाल लावला. बेळगावात धारवाडचा आंबा धारवाडचा म्हणून विकला जातो, घेणारा तो ओळखून घेतो. तोच आंबा निपाणी ओलांडून पुढं गेला, की त्याचं गाव पुसलं जातं.

भाव कसा उतरतो

आंब्याच्या भावात चव किती आणि तारीख किती, हे मामांकडून शिकावं. कोकणचा पहिला मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात दिसतं, पण थोडं. पाडव्याला देवापुढं आंबा हवा म्हणून लोक मागतील तो भाव देतात. एप्रिलमध्ये आवक वाढते, अक्षय तृतीयेला मागणी शिखरावर असते. त्यानंतर दोन गोष्टी बरोबरच घडतात. कोकणचा माल भरपूर येतो आणि कर्नाटकातला हापूसही जोरात सुरू होतो. मेच्या मध्यावर भाव उतरतो तो यामुळं.

मग वळीव येतो. एक जोराचा पाऊस झाला, की बागायतदार उरलेलं फळ घाईनं उतरवतो, कारण पावसानंतर फळमाशीचा उपद्रव वाढतो आणि फळ डागाळतं. दोन-चार दिवस भाव एकदम खाली येतो. मामा म्हणतात, "वळवाच्या आधीचा आंबा खायचा, वळवाच्या नंतरचा आटवायचा."

फसवणूक नेमकी याच दिवसांत होते. दोन्ही हापूस बाजारात हजर, भावात मोठी तफावत आणि घेणाऱ्याला ओळख नाही. पेटी बदलली की झालं.

आणखी एक हिशेब सांगतो, तो धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतो आणि आपण करतच नाही. आंबा आपण डझनावर घेतो, खातो मात्र वजनावर. समजा, एक डझन ८०० रुपयांना आहे आणि फळ २५० ग्रॅमचं आहे. म्हणजे तीन किलो, किलोला साधारण २६७ रुपये. शेजारी ५०० रुपये डझनाचं फळ आहे, पण ते १५० ग्रॅमचं. डझनाचं वजन १ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे किलोला २७८ रुपये. स्वस्त दिसणारा डझन महाग निघाला, शिवाय लहान फळात साल आणि कोय यांचा वाटा जास्त. गेल्या वर्षी मी एवढा तक्ता केला, पण वजनाचा रकाना त्यात नव्हता.

नावाची किंमत

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानुसार हापूस हे नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाशी जोडलं गेलं. कोकणच्या बागायतदारासाठी हे गरजेचं होतं, कारण त्याच्या नावावर दुसऱ्याचा माल खपत होता. २०२५ च्या हंगामापासून देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं एक पाऊल पुढं टाकलं. प्रत्येक फळावर वेगळ्या सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर. क्रमांकाचा काही भाग वर दिसतो, काही स्टिकरच्या आत लपलेला असतो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून तो पडताळायचा. दिवसभर संगणकाच्या प्रणालींवर काम करणाऱ्या मला ही कल्पना फार आवडली. पेटी बदलणं सोपं आहे, हजारो फळांचे छुपे क्रमांक जुळवणं सोपं नाही.

परदेशी ग्राहकाला ही खात्री कधीपासूनच मिळते. अमेरिकेनं २००७ साली भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडलं, ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. पहिला माल लासलगावच्या केंद्रातून प्रक्रिया होऊन गेला. युरोपीय संघानं मे २०१४ मध्ये फळमाशीमुळं आपला आंबा बंद केला आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवली. निर्यातीच्या बागांची नोंद अपेडाच्या 'मँगोनेट'वर करावी लागते. म्हणजे तिकडं फळात खोट निघाली तर बागेपर्यंत माग काढता येतो आणि इथं मला कन्नड कागदावरून गाव शोधावं लागतं.

मलावीचा आंबा

आता उलटा प्रवास ऐका. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात हापूस येतो आणि तो येतो आफ्रिकेतल्या मलावीहून. कोकणातून नेलेल्या काड्यांवर तिथं कलमं बांधून बागा उभ्या केल्या. मलावी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळं तिथला हंगाम आपल्या उलटा. आपल्याकडं मोहोर धरत असतो तेव्हा तिथं फळ तयार होतं. ते विमानानं येतं आणि तीन किलोच्या पेटीला हजारांत भाव घेतं. त्या दिवसांत बाजारात दुसरा हापूसच नसतो, हे त्या भावामागचं मोठं कारण.

पण मला खटकलं ते वेगळंच. हा आंबा 'मलावी हापूस' या नावानंच विकला जातो. समुद्रापलीकडून आलेलं फळ आपल्या गावाचं नाव सांगून हजारांत भाव मिळवतं आणि बेळगावपासून ऐंशी किलोमीटरच्या आत पिकलेलं फळ पुण्याच्या बाजारात नाव लपवून उभं राहतं. त्याच धारवाडचा पेढा केवढ्या ऐटीत धारवाडचा म्हणून विकला जातो!

त्या ४६ पेट्यांत नुकसान कुणाचं झालं, याचा मी नंतर विचार केला. आपल्या ३२ घरांनी जास्त पैसे मोजले. देवगडच्या कुणा बागायतदाराच्या ४६ पेट्या खपायच्या राहिल्या. आणि धारवाडकडच्या शेतकऱ्याला त्याच्या बाजारातला नेहमीचा भाव मिळाला, वर त्याच्या आंब्याचं कौतुक झालं ते दुसऱ्याच्या नावानं. "यंदाचा आंबा छान होता" हा निरोप खरं तर त्याचा होता. मध्ये पेटी बदलणाऱ्यानं फक्त कागद बदलायचा आळस केला, म्हणून आपल्याला कळलं तरी.

सीमाभागातल्या माणसाला हे जरा जास्तच लागतं. "तुम्ही नक्की कुठले?" हा प्रश्न आपण पुण्यातही ऐकतो आणि बेंगळुरूतही. आपलं गाव सांगताना आपण अडखळत नाही. मग आंब्याला तरी का अडखळायला लावायचं?

यंदाचा तक्ता

यंदाही आंब्याचं काम मंडळानं माझ्याकडंच ठेवलं आहे, याबद्दल आभार. गेल्या वर्षीच्या फरकाचे पैसे परत मिळाले नाहीत, हे इथंच स्पष्ट सांगतो. यंदा तक्त्यात दोन रकाने असतील. एक देवगडचा, फळावर क्रमांकाचं स्टिकर असलेला. त्यातली काही फळं वाटपाच्या आधी सगळ्यांसमोर पडताळू. दुसरा धारवाडचा, धारवाडच्या नावानं आणि त्याच्या रास्त भावानं, रसासाठी. दोन्हींत डझनासोबत वजन लिहिलेलं असेल. कार्बाइडनं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून फळ कच्चंच मागवू आणि घरी गवतात किंवा कागदात आढी घालू. चार-सहा दिवस धीर धरावा लागेल.

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही रकान्यांत आपलं नाव घालायला सांगितलं. म्हटलं, "मामा, तुम्ही बेळगावात, मंडळाचा टेम्पो पुण्यात."

"मग येतो की पुण्याला," ते म्हणाले. "तेवढाच तुझा माल तपासून होईल."