जुनी मोटार सुरू कां होत नाहीं ?

ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांस पुढील प्रसंग परिचयाचा असेल. सकाळीं घाईच्या वेळीं किल्ली फिरवावी, 'टक्' असा एक आवाज व्हावा आणि पुढें सर्व स्तब्ध ! मग घरांतील मंडळी व शेजारी मिळून गाडीस धक्का मारतात आणि सर्वांचें एकमत होतें कीं, बॅटरी गेली. हा निर्णय कित्येक वेळां खरा असतो. परंतु तपासणीवांचून दिलेला निर्णय महाग पडतो. मला तो पडला.

माझ्याजवळ जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी मुंबईंत कुर्ला येथील कारखान्यांत तयार होत असे, व काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईकरांनीं ती २०२३ पर्यंत रस्त्यावर पाहिली. गेल्या पावसाळ्यांत माझी गाडी वरीलप्रमाणें रुसली. कारागिरानें नवी बॅटरी घेण्यास सांगितलें. मुलीच्या फीसाठीं बाजूस ठेविलेले पैसे मीं त्यांत घातले. तीन दिवस ठीक गेले आणि चौथ्या दिवशीं पुन्हां तोच 'टक्' !

आतां या यंत्राची रचना पाहूं. बॅटरी म्हणजे विजेचा हौद. इंजिनास पहिली गति देणारी मोटर, जिला आपण सेल्फ म्हणतों, ती या हौदांतून एकदम मोठा उपसा करते. इंजिन चालूं लागलें म्हणजे डायनामो, अथवा त्यानंतरच्या गाड्यांतील अल्टरनेटर, हा हौद पुन्हां भरतो. त्याच्या मुळाशीं फॅरेडे यानें १८३१ मध्यें दाखविलेलें विद्युत्प्रवर्तनाचें तत्त्व आहे. म्हणून दोष हौदांत, उपशांत, भरण्यांत किंवा या सर्वांस जोडणाऱ्या तारांत असूं शकतो.

प्रथम हौद मोजावा. गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर व्होल्टमापकानें बॅटरी तपासावी. सुमारें १२.६ व्होल्ट आल्यास ती भरलेली, १२.२ आल्यास अर्धी आणि ११.९ च्या खालीं असल्यास बहुतेक रिकामी समजावी.

नंतर पुढचे मोठे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे विझूं लागले, तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या टोकांवरील पकडी गंजल्या आहेत. दिवे जवळजवळ पूर्ववत् राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर वीज सेल्फपर्यंत पोंचत नाहीं किंवा सेल्फच बिघडला आहे. सेल्फ जोरानें फिरला आणि तरीहि इंजिन पेटलें नाहीं, तर बॅटरीस दोष देऊं नये. पेट्रोल किंवा ठिणगी यांचा शोध घ्यावा.

माझ्या गाडीचे दिवे किंचितच मंद झाले. इंजिन रबराच्या आधारांवर बसविलेलें असतें. म्हणून तें गाडीच्या सांगाड्यास जोडणारी तारेची एक निराळी पट्टी असते. तिला कारागीर अर्थिंग म्हणतात. दुसऱ्यास किल्ली फिरविण्यास सांगून मीं बॅटरीचें ऋण टोक आणि इंजिन यांमध्यें व्होल्टमापक धरला. तेथें अर्ध्या व्होल्टाहून कमी दिसावयास पाहिजे; मला साडेचार व्होल्ट दिसले ! सेल्फचा प्रवाह १५० अँपिअर धरला, तर त्या गंजलेल्या पट्टीचा रोध अवघा ०.०३ ओहम झाला. असाच रोध दहा अँपिअर घेणाऱ्या दिव्यांच्या वाटेंत असता, तर केवळ ०.३ व्होल्ट खर्चीं पडले असते व तें कोणाच्या ध्यानांतहि आलें नसतें. रोध तोच, प्रवाह मोठा म्हणून हानि मोठी. बॅटरी बदलतांना तारा हलल्या, इतकाच त्या तीन दिवसांचा चमत्कार ! पट्टी काढून घासली, घट्ट बसविली आणि गाडी सुरू झाली. ओहमचा नियम मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों होतों. फक्त माझ्याच अंगणांत तो मला आठवला नव्हता.

बॅटरी वारंवार उतरत असेल, तर भरण्याकडे पहावें. इंजिन थोडें जलद चालवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट आले पाहिजेत. आंकडा वाढलाच नाहीं, तर प्रथम पंख्याचा पट्टा सैल आहे काय, तें इंजिन बंद करून पहावें. नंतर तारा, कार्बन आणि नियंत्रक तपासावे. आंकडा १५ च्या वर गेला, तर नियंत्रक बिघडला असून बॅटरींतील पाणी आटत आहे, असें समजावें.

हें सर्व वडील माणसांच्या देखत करावें. बॅटरींत गंधकाम्ल असतें व तींतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. म्हणून जवळ काडी ओढूं नये. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक लावावा. अंगठी काढून ठेवावी. ओढणी व केंस पट्ट्यापासून दूर ठेवावे. तारा सोडतांना ऋण टोक प्रथम सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. इंजिन चालू असतां बॅटरी कधींहि सोडूं नये.

पालकहो, साधा व्होल्टमापक नव्या बॅटरीच्या मानानें फारच स्वस्त मिळतो. तो आपल्या मुलांच्या हातीं द्या. आणि मुलांनो, पुढच्या वेळीं अंगणांत "बॅटरी गेली" असें कोणी म्हणालें, तर नम्रपणें विचारा, "मोजून पाहिलें काय ?"