घाईला दंड, विलंबालाही दंड

१६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याच्या संपन्न पेठेवर स्वारी केली, तेव्हा मोगल शहाजादा मुअज्जम औरंगाबादेस, म्हणजे अवघ्या वीसेक कोसांवर, मुक्कामास होता. पेठ चार दिवस लुटली गेली. परंतु लुटीच्या ओझ्याने मंदावलेल्या या फौजेस परतीच्या वाटेवर संगमनेरच्या बाजूस मोगलांनी गाठले, त्यांच्या रणमस्तखानाशी निकराची झुंज झाली, मराठा सरदार सिधोजी निंबाळकर कामी आले, आणि अखेरीस महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांनी आडवाटेने फौज पट्टागडास सुखरूप पोहोचविली. कुंडलिकेकाठी जुन्या जालन्यात वाढलेल्या वाचकास ही हकीकत सांगावयास नको. शत्रूच्या मुलुखात किती वेळ थांबावे, किती घेतले म्हणजे पुरे म्हणावे आणि बाहेर पडण्याची वाट कोणती, हा जो तिच्यातील पेच, त्याच पेचावर कॅनडातील व्हँकूवर येथील क्लेई एंटरटेनमेंट या स्वतंत्र, अर्थात 'इंडी', निर्मात्यांनी मे २०१५ मध्ये एक संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'इन्व्हिजिबल, इंक.'.

या खेळात दोन घराणी एकत्र आली आहेत. पहिले 'रोगलाइक' खेळांचे. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला, ज्यातील तळघरांचा नकाशा दर डावाला संगणक नव्याने मांडीत असे आणि ज्यात एकदा मेलेला वीर पुन्हा उठत नसे; हे दोन नियम ज्यांनी उचलले, ते सारे या घराण्यातले. दुसरे घराणे 'स्टेल्थ' खेळांचे, म्हणजे शत्रूशी झुंजण्यापेक्षा त्याची नजर चुकविण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांचे; १९८१ चा 'कॅसल वुल्फनस्टाइन' आणि १९९८ चा 'थीफ' ही त्यातील मानाची नावे. या दुसऱ्या घराण्यात एक जुना दोष होता. अंधाऱ्या कोपऱ्यात दबा धरून बसावे, पहारेकऱ्याने पाठ फिरविली की पुढे सरकावे, आणि काही बिनसले तर आधी जतन केलेल्या ठिकाणावरून पुन्हा आरंभ करावा, अशी मुभा असल्याने सावधपणास काही मोलच द्यावे लागत नसे.

'इन्व्हिजिबल, इंक.' ने नेमके हेच मोल आकारले. काळ २०७४ चा. राज्यकारभार बड्या कंपन्यांच्या हाती. त्यांनी उद्ध्वस्त केलेल्या एका हेरसंस्थेपाशी दोन हेर, 'इन्कॉग्निटा' नावाची संगणकी बुद्धी आणि बहात्तर तासांची मुदत एवढेच उरलेले. या मुदतीत जगभर फिरून कंपन्यांच्या कचेऱ्या फोडायच्या, द्रव्य आणि आयुधे जमवायची आणि अंतिम स्वारीची तयारी करायची. प्रवासालाही तास लागतात. बुद्धिबळाप्रमाणे एक खेप आपली आणि एक पहारेकऱ्यांची. कचेरीत शिरल्यापासून दर खेपेगणिक धोक्याचा काटा एक घर पुढे सरकतो, आणि पाच घरे भरली की बंदोबस्त एका पायरीने कडक होतो : कधी नवे कॅमेरे जागे होतात, कधी संगणकांची कुलुपे अधिक भक्कम होतात, कधी जादा पहारेकरी दाखल होतात. आपण काहीही आगळीक केली नसली तरी काटा थांबत नाही. दबा धरून बसणाऱ्यास येथे बसण्याचेच भाडे पडते.

एक प्रसंग जवळून पाहू. आपली हेर बंद दाराशी पोहोचली आहे. पलीकडे तिजोरी आहे, पण बाहेर नेणारी लिफ्ट अद्याप सापडलेली नाही. दाराआडून डोकावणे शक्य आहे, परंतु त्या डोकावण्यासही तिच्या मोजक्या पावलांतील अंश खर्ची पडतो. आत एक पहारेकरी दाराकडेच येताना दिसतो. दाराच्या बाजूस दबा धरला तर तो बाहेर येताच त्यास बेशुद्ध करता येईल. पण बेशुद्धी काही खेपांचीच, आणि तो जागा होऊ नये असे वाटत असेल तर कोणी तरी त्यास दाबून धरले पाहिजे, म्हणजे दोनांपैकी एक हेर जायबंदी झाल्यासारखीच. तिजोरी सोडावी तर पुढील मोहिमेस द्रव्य नाही. घ्यावी तर काटा पुढे सरकतो. पहारेकऱ्याची नजर कोणकोणत्या घरांवर पडते हे पटावर स्पष्ट दिसते, त्यामुळे फसगतीचा दोष सहसा दैवावर ढकलता येत नाही. सर्व माहिती समोर असताना माणूस लोभाने किंवा भीतीने कसा चुकतो, हे दाखविण्यात या खेळाची खरी शक्ती आहे.

आता फिर्यादी. त्यांची सरमिसळ न करता दोन वर्ग पाडले पाहिजेत. चार तास जमविलेली तयारी एका चुकीच्या पावलाने मातीमोल होणे, मागे राहिलेला हेर गमावणे, खेप परत फिरविण्याची सवलत मोजक्याच वेळा मिळणे, या गोष्टी चीड आणतात खऱ्या, पण त्या काढून टाकल्या तर दाराशी उभ्या असलेल्या त्या हेराच्या निर्णयास वजनच उरणार नाही. हा त्रास म्हणजे खेळाची किंमत होय, आणि ती कबूल करूनच पटावर बसावे.

दुसऱ्या वर्गातील त्रासास मात्र असे समर्थन नाही. नकाशे यदृच्छेने रचले जात असल्याने कधी आरंभाच्याच खोलीबाहेर पहारेकऱ्यांची दाटी असते, तर कधी लिफ्ट हाताशीच सापडते. एकास शिक्षा आणि दुसऱ्यास बक्षीस, आणि दोघांचेही कर्तृत्व शून्य. कोणती आयुधे विकत मिळतील हेही नशिबाच्या स्वाधीन असल्याने अंतिम स्वारीस कधी कधी हात रिकामेच राहतात. बऱ्याच डावांनंतर खोल्यांचे ठरावीक साचे ओळखू येऊ लागतात आणि नावीन्याचा आभास विरतो. कथाभागही तुटपुंजा, हेरांची पूर्वपीठिका रंजक असूनही ती मोहिमेच्या ओघात फारशी उलगडत नाही.

या उणिवा लहान नाहीत. तरी त्या खेळाच्या मूळ कल्पनेस बाध आणीत नाहीत, केवळ तिच्या बांधणीतील सैल सांधे दाखवितात. लहान संस्थेच्या खेळास अवाढव्य कथा वा हजारो हातांनी घडविलेले नकाशे परवडत नाहीत; यदृच्छेचा आश्रय हा अशा निर्मात्यांचा काटकसरीचा मार्गही असतो, आणि या काटकसरीतून त्यांनी संपन्न भांडवलाच्या कित्येक खेळांस न साधलेला नियमांचा काटेकोरपणा साधला. नवशिक्याने अडचणीची सर्वांत सौम्य पायरी निवडावी, पहिली मोहीम हरण्यासाठीच आहे असे समजून खेळावी, कारण हरलेल्या मोहिमेनेही पुढील डावासाठी नवे हेर आणि नवी साधने खुली होतात. आणि तिजोरी समोर दिसत असताना काटा पाहून मागे वळता आले, म्हणजे खेळ कळू लागला असे खुशाल समजावे.